दारूबंदीचा खटला : पुरावा कोणी द्यायचा?

वस्तीत एक्साईजचा छापा पडला की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. इतके लिटर गावठी जप्त, इतके लिटर रसायन नष्ट, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा. झटापट झाली असेल तर सोबत सरकारी कामात अडथळ्याचे कलम. पुढे त्या आरोपीचे काय झाले, हे कुठेच छापून येत नाही. आपले कार्यकर्तेही विचारत नाहीत. ‘दारूवाला आहे, जाऊ दे’ म्हणून विषय संपतो.

आमचे म्हणणे असे की, हा विषय इथे संपवता येत नाही. का, ते समजण्यासाठी सत्तर वर्षांपूर्वीचे एक फौजदारी अपील पाहू.

मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदी कायदा केला. त्याला बालसरा नावाच्या नागरिकाने आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला. मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने वापरण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. बरोबर चार दिवसांनी, २९ मेच्या रात्री, कुलाब्यात एका जीपने तीन जणांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका, मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे इतरांना गाडी चालवायचे परवाने देणारे खाते ज्यांच्या हाती, तेच.

तपासणाऱ्या डॉक्टरला तोंडाला दारूचा वास आला. पण बोलणे सुसंगत होते, सरळ रेषेत चालता येत होते. पेसिकाकांचा बचाव असा की आपण ‘बी. जी. फॉस’ हे टॉनिक घेतले होते. मॅजिस्ट्रेटने दारूच्या आरोपातून सोडले. सरकार हायकोर्टात गेले. हायकोर्टाने एक महिना सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. १९५४ मध्ये घटनापीठाने बहुमताने सांगितले की, पोटात गेलेली दारू बंदी असलेलीच होती, औषधातली नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. नुसता वास पुरेसा नाही. पेसिकाका सुटले.

हा निकाल आम्हाला बरोबर वाटतो. जो आरोप करतो त्याने पुरावा द्यावा, हे तत्त्व अधिकाऱ्यासाठी असेल तर झोपडीतल्या माणसासाठीही असले पाहिजे. प्रश्न हा की, ते झोपडीपर्यंत पोहोचले का?

कायद्याचा पुढचा प्रवास बघा. १९५९ साली दुरुस्ती आली. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडले तर ते औषधातले होते, हे आरोपीने सिद्ध करायचे. याच कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे भट्टीची भांडी वा साहित्य कोणाकडे सापडले आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केलाच असे गृहीत धरले जाते. १९८१ साली तर आणखी एक कायदा आला. आपण ज्याला एमपीडीए म्हणतो, त्याच्या नावातच ‘झोपडपट्टीदादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ असे शब्द आहेत. त्याखाली खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. चोरट्या वाहतुकीचाही त्याच्या व्याख्येत समावेश आहे. पण कायद्याला नाव मिळाले ते हातभट्टीवाल्याचे. ट्रक भरून गोवा बनावटीची दारू आणणाऱ्या मालकाचे नव्हे.

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी हिशेब मांडला : सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. निदान जितके घेता तितके तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. पुढे १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला उघड विरोध आहे. बंदीमुळे दारू घराघरात गाळली जाऊ लागली, बायका-मुलांसमोर आली, गुन्हे वाढले आणि महसूलही बुडाला, असा तो युक्तिवाद होता.

काहीजण विचारतील, आपण बौद्ध. पंचशील घेतो, मग दारूवाल्याची वकिली कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती आम्हाला पूर्ण मान्य आहे. दारूने आपल्या वस्त्यांतल्या बायांचे संसार मोडले. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती कष्टकरीच होती. पण शील माणूस स्वतः होऊन घेतो. ते काठीने लादता येत नाही आणि शील मोडले म्हणून न्यायाचा हक्क जात नाही.

पोलिसांवरच्या हल्ल्याबद्दलही स्पष्ट बोलू. छाप्याला आलेल्या शिपायावर दगड फेकणे किंवा नाकाबंदीत त्याच्या अंगावर गाडी घालणे याचे समर्थन होऊ शकत नाही. तो शिपाई अनेकदा आपल्याच समाजातला, गरिबाघरचा असतो. पण दगड कोणी फेकला आणि नुसते दारात कोण उभे होते, हा फरक कोर्टात सिद्ध झाला पाहिजे. गर्दीतल्या सगळ्यांना एकाच एफआयआरमध्ये घातले की मुलांची नोकरी, पोलीस भरती, पासपोर्ट सगळे अडकते.

पेसिकाका सुटले कारण त्यांना अपील शेवटपर्यंत नेता आले. आपल्या वस्तीतला आरोपी पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ हा सल्ला ऐकतो आणि कायमचा गुन्हेगार ठरतो. म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि कोठडीतला आरोपी यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे प्रत्येक विहारात सांगा. कबुलीवर अंगठा उठण्याआधी तालुका विधी सेवा समितीत अर्ज जाऊ द्या. जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा, पंच कोण होते ते बघा, रासायनिक तपासणीचा अहवाल आला का ते विचारा.

व्यसनमुक्तीचे काम तर चालूच राहील. पण ज्या संध्याकाळी आपण विहारात पंचशील म्हणतो, त्याच संध्याकाळी ठाण्यात बसवून ठेवलेल्या बाईसाठी वकील शोधणे, हेही धम्माचेच काम आहे.

जय भीम!