दोन ग्राफिक्स कार्डे आणि मापनाचा प्रश्न

यंत्रविद्येच्या इतिहासात आकड्यांची वाण नसते. ते विपुल असतात, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा करण्याची निकड अभ्यासकाला सहसा भासत नाही. बखरीतील सैन्यसंख्या पारखून घेतल्यावाचून आपण स्वीकारीत नाही; कारखानदाराने छापलेला आकडा मात्र निमूटपणे टिपून घेतो. ही सवय कितपत सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात २००२-०३ मधील एक लहानसे प्रकरण तपासावयाचे आहे. संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय चित्रे रेखाटणारी दोन ग्राफिक्स कार्डे हा त्याचा विषय आहे. पहिले कॅनडातील एटीआय कंपनीचे रेडिऑन ९७०० प्रो, दुसरे कॅलिफोर्नियातील एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा.

२००२ च्या प्रारंभी या व्यवसायात एनव्हिडियाचे वर्चस्व होते. आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची, थ्रीडीएफएक्सची, मालमत्ता विकत घेण्याचा करार तिने डिसेंबर २००० मध्येच जाहीर केला होता. एटीआयने मात्र २००० साली आर्टएक्स ही छोटी कंपनी आपल्यात सामावून घेतली आणि तेथील अभियंत्यांकडून नवी चिप सिद्ध करविली. तीवर आधारलेले रेडिऑन ९७०० प्रो ऑगस्ट २००२ मध्ये बाजारात आले. एनव्हिडियाचे कार्ड नोव्हेंबर २००२ मध्ये घोषित झाले, तरी ग्राहकांच्या हाती पडावयास २००३ साल उजाडले. दोहोंची चिप तैवानमधील टीएसएमसीच्या कारखान्यात तयार होत होती. पण एटीआयने तेथील रुळलेली ०.१५ मायक्रॉनची प्रक्रिया पत्करली, तर एनव्हिडियाने नवी ०.१३ मायक्रॉनची. विलंबाचे मोठे कारण या निवडीत होते. दोन्ही कार्डांची घोषित किंमत ३९९ डॉलर होती.

आता वैशिष्ट्यांचा तक्ता पाहू. जीफोर्सच्या चिपवर साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर होते, रेडिऑनच्या चिपवर सुमारे अकरा कोटी. जीफोर्सचा वेग ५०० मेगाहर्ट्झ, रेडिऑनचा ३२५. जीफोर्सची मेमरी डीडीआर-२ या नव्या जातीची व ५०० मेगाहर्ट्झची, रेडिऑनची जुन्या डीडीआर जातीची व ३१० मेगाहर्ट्झची. एवढ्यावर निकाल द्यावयाचा तर तो उघड आहे, आणि जाहिरातींचा भर याच आकड्यांवर होता.

परंतु वेगाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. रेडिऑनचा मेमरीकडे जाणारा मार्ग २५६ बिट रुंद होता, जीफोर्सचा १२८ बिट. डीडीआर मेमरी प्रत्येक आवर्तनात दोनदा माहिती देते हे लक्षात घेऊन गुणाकार केला, तर रेडिऑनकडे सेकंदाला सुमारे १९.८ गिगाबाइट माहिती वाहून नेण्याची क्षमता होती, जीफोर्सकडे १६. म्हणजे मंद मेमरीचे कार्ड अधिक माहिती वाहत होते. पिक्सेलच्या बाबतीतही तेच. रेडिऑन एका आवर्तनात आठ पिक्सेल रंगवी. जीफोर्सविषयीही प्रथम आठाचाच आकडा सांगितला गेला. पुढे स्पष्ट झाले की रंगीत पिक्सेल चारच, आठ हा आकडा खोली मोजणे किंवा छायेसाठी स्टेन्सिल आखणे अशा कामांपुरता खरा. ३२५ ला आठाने गुणले असता २,६०० येतात, ५०० ला चाराने गुणले असता २,०००. आठाचा आकडा खोटा नव्हता, पण तो कशाचा आकडा आहे हे सांगितले गेले नव्हते.

प्रत्यक्ष कामगिरीचे चित्र संमिश्र होते. तत्कालीन खेळांत साध्या मांडणीत जीफोर्स बरोबरीने, क्वचित पुढेही धावे. चित्राच्या कडा गुळगुळीत करण्याचे काम चालू करून पडद्याची सूक्ष्मता वाढविली की रेडिऑन सामान्यतः पुढे जाई. डिसेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स ९ आले. त्यात पूर्ण अचूकतेसाठी किमान २४ बिटांची गणना अपेक्षित होती. रेडिऑन नेमकी २४ बिटांत गणना करी. जीफोर्सला १६ किंवा ३२ हेच पर्याय होते. पहिला नियमास अपुरा, दुसरा संथ.

येथे साधनचिकित्सेचा खरा प्रश्न उभा राहतो, कारण मापदंडच वादात सापडला. फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीने फेब्रुवारी २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ ही चाचणी प्रसिद्ध केली. मे महिन्यात तिने जाहीर केले की एनव्हिडियाचे ड्रायव्हर चाचणी चालू असल्याचे ओळखून काम कमी करतात. चाचणीतील कॅमेरा ठरीव मार्गाने फिरतो. तो मार्गाबाहेर वळविला असता चित्राचे काही भाग रेखाटलेच जात नसल्याचे दिसले. दुरुस्तीनंतर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या पुढील कार्डाचे गुण ५,८०६ वरून ४,६७९ वर आले. एटीआयच्या कार्डाचेही गुण १.९ टक्क्यांनी घटले, आणि त्या कंपनीने आपली तजवीज मागे घेण्याचे मान्य केले. जूनमध्ये फ्यूचरमार्क व एनव्हिडिया यांच्या संयुक्त निवेदनात मात्र या प्रकाराला फसवणूक न म्हणता विशिष्ट कार्यक्रमासाठी केलेली सुधारणा म्हटले गेले. तीच घटना, दोन आठवड्यांच्या आत दोन नावे.

सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांनी हाफ-लाइफ २ या आगामी खेळाच्या आधारे एनव्हिडियाच्या कार्डांविषयी प्रतिकूल साक्ष दिली. ती तांत्रिक दृष्ट्या वजनदार होती. पण ती एटीआयच्या कार्यक्रमात दिली गेली, हेही नोंदविलेच पाहिजे.

मग विश्वास कोणावर ठेवावा? माझ्या मते सर्वांत बलवत्तर पुरावा पक्षकाराच्या स्वतःच्या कृतीत मिळतो. मे २००३ मध्ये एनव्हिडियाने उपरोक्त ५९०० अल्ट्रा पुढे आणले, तेव्हा चिपचा वेग ५०० वरून ४५० मेगाहर्ट्झवर उतरविला आणि मेमरीचा मार्ग २५६ बिट केला. ५८०० अल्ट्राच्या पंख्याचा गोंगाट तर इतका प्रसिद्ध झाला होता की खुद्द कंपनीनेच त्यावर विडंबनपर चित्रफीत काढली. ज्या आकड्याचा डंका सहा महिन्यांपूर्वी पिटला तो कमी करणे आणि प्रतिस्पर्ध्याचा आकडा स्वीकारणे, यापेक्षा स्पष्ट कबुली कोणत्या निवेदनात मिळणार?

दोन्ही कार्डे आज कालबाह्य आहेत. एटीआय २००६ साली एएमडीत विलीन झाली. तथापि या प्रकरणाने घालून दिलेला धडा शिळा झालेला नाही. आकडा हाही एक साक्षीदार आहे. तो कशाचा, कोणी मोजला, आणि मोजणाऱ्यावर कोणाचे लक्ष होते, हे विचारल्यावाचून त्याची जबानी नोंदवून घेणे इतिहासकाराला शोभणार नाही.