बेटं आणि बंद दरवाजे

ग्रुप टूर म्हटली की आपल्या बडोदेकरांना ठेपल्याचे डबे आणि पहाटेची हाकाटी आठवते. आज एका वेगळ्या टूरचा इतिहास सांगतो.

1986 च्या सुमारास अमेरिकेत समलिंगी प्रवाशांसाठी अख्खं जहाज भाड्याने घ्यायची पद्धत सुरू झाली. 1990 पासून स्त्रियांच्याही अशा सफरी निघू लागल्या. रात्री प्रवास, सकाळी कॅरिबियन समुद्रातलं नवं बेट. जहाज आपलंच, त्यामुळे चोरून वागायला नको.

अडचण यायची ती धक्क्यावर. 1998 मध्ये सुमारे 900 प्रवाशांच्या अशा जहाजाला केमन बेटांच्या सरकारने प्रवेश नाकारला. कारण काय, तर ही माणसं नीट वागतील याची खात्री नाही! त्याच वर्षी बहामाजमध्येही निदर्शनं झाली, पण पंतप्रधान ह्युबर्ट इंग्रहॅम यांनी अशा पाहुण्यांना अडवायला साफ नकार दिला.

2001 च्या आरंभी ब्रिटनने केमनसह आपल्या ताब्यातल्या पाच कॅरिबियन प्रदेशांत समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. स्थानिक पुढारी विरोधातच होते. आपलं 1860 चं कलम 377 सुद्धा इंग्रजांचीच देणगी. त्यातून सुटायला आपल्याला 2018 उजाडलं.

बँकेत आम्ही सही जुळली की पैसे द्यायचो. खातेदार घरी कोणाबरोबर राहतो, हे विचारायचा आम्हाला काय अधिकार?

ते प्रवासी पुढच्या बेटावर गेले. त्या बेटावरच जन्मलेल्यांनी कुठे जायचं? आपल्याही घरांतला एखादा मुलगा दूर निघून जातो, आणि आपण ‘नोकरीसाठी गेला’ म्हणतो. त्याला निदान एकदा ‘ये रे घरी’ म्हणून फोन करा.