एअर रायफल: नवी घ्यावी की जुनी?

वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२, दुरुस्ती १९९१) शिकारीचे परवाने संपले. त्यामुळे चारकोपमध्ये मला कुणी "स्वस्तात रायफल सुचव" म्हणालं, की मी १० मीटर नेमबाजीची एअर रायफल धरतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमी कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. ओळख आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो.

स्प्रिंगवाली: नवीच घ्या. स्प्रिंग आणि सील झिजतात. जुनी घेऊन वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात.

पीसीपी (दाबलेल्या हवेची): जुनी चालेल. शिशाची गोळी मऊ असल्याने बॅरल सहसा लवकर झिजत नाही. पण हे तपासा:

- सिलिंडरवरची तारीख. मुदत साधारण १० वर्षं असते. ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाब तुमच्या चेहऱ्याजवळ असतो. नव्या सिलिंडरची किंमत धरूनच भाव करा.
- सिलिंडर भरून रात्रभर ठेवा. सकाळी दाब बराच उतरला, तर सील गळतंय.
- टेकूवरून एकाच बिंदूवर १० गोळ्या मारा. भोकं एकमेकांत मिसळायला हवीत.
- मूळ बिल आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का?

नवशिके असाल तर आधी दोन-तीन महिने क्लबची रायफल वापरा. खरेदी त्यानंतर.