माणूस थकतो, पैसाही थकतो

सोमवारी ऑफिसात कोणी "काय म्हणतोस?" विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "टायर्ड यार." शनिवार-रविवार झोपून काढला तरी टायर्डच.

मागच्या पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा बघायला जव्हारला गेलो होतो. पुढे मोखाड्यात चहाच्या टपरीवर एका काकांना सहज विचारलं, "दिवसभर काम करून थकला असाल ना?" ते म्हणाले, "मी नाय थकलो. मजुरी थकलीय."

आधी हसू आलं, मग विचारात पडलो. इंग्रजीत पैसा कधी 'टायर्ड' होत नाही. आपल्याकडे माणूस थकतो, पगार थकतो, हप्ताही थकतो. मुळात प्राकृत 'थक्क' म्हणजे थांबणं. आश्चर्याने आपण थक्क होतो, तोही हाच शब्द. चालणारा थांबला की थकला, यायचा पैसा थांबला की तोही थकला. (इंग्रजी 'एक्झॉस्टेड'चा लॅटिनमधला मूळ अर्थ उपसून रिकामं केलेलं, पाणी उपसतात तसं. मोखाड्यातल्या मे महिन्यातल्या विहिरी पाहिलेल्यांना तो वेगळा समजवायला नको.)

इथल्या इतिहासात ही दोन थकणी एकत्रच नांदली. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान, १९४८ पर्यंत. शेजारचा मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. त्या काळच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात 'लग्नगडी' म्हणून एक प्रकार होता. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. कर्ज अर्थातच फिटत नसे. म्हणजे माणूस थकून पडला तरी हिशेब सावकाराचाच थकलेला! सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेर सरकारला हे सगळं लिहून दिलं होतं. अहवाल झाला, वेठ चालूच राहिली.

१९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली फुकट राबणं नाकारलं. त्यात पुढे असलेल्या गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते लिहून ठेवलंय. नाव बघा, जागा होतो! आम्ही पुस्तकाच्या नावापाशीच अडलेले, कारण शनिवारी दुपारी बारापर्यंत झोपतो. असो.

वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७५-७६ मध्ये, आणि त्यातलं जुनं कर्जही त्याच कायद्याने रद्द झालं. तीस वर्षं गेली मधे.

काकांची मजुरी किती दिवसांची थकली होती, ते विचारायचं राहिलं. त्यांची एसटी आली, ते पळत जाऊन चढले. आम्ही बसूनच होतो.