घरचा स्टुडिओ आणि खरें बोलणारा स्पीकर

माझ्या एका स्नेह्यांनीं चार वर्षांपूर्वीं आपल्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या घरींच ध्वनिमुद्रित केल्या. मायक्रोफोन त्यांनीं उत्तम घेतला, संगणकाला जोडावयाचें साहित्यहि चांगलें घेतलें. ऐकण्यासाठीं मात्र दिवाणखान्यांतले, खर्ज फुगवून दाखविणारे जुनेच स्पीकर ठेवले. त्यांवर आईंचा आवाज जड व घुमणारा वाटला, म्हणून त्यांनीं खालच्या सुरांचा बराच भाग कापून टाकला. आवाज मोकळा झाल्यासारखा भासला, आणि संगणकांत जागा व्हावी म्हणून मूळ मुद्रण पुसलें. पुढें दुसऱ्या एका घरीं तें ऐकण्याचा योग आला, तेव्हां आवाज पत्र्यासारखा पातळ, छातीचा आधार हरपलेला असा निघाला. मातोश्री त्या वेळीं हयात नव्हत्या.

घरांत स्टुडिओ उभारूं पाहणाऱ्या कोणाहि माणसाचा पहिला प्रश्न 'मायक्रोफोन कोणता घेऊं?' असा असतो. या प्रसंगानंतर मला वाटूं लागलें कीं, प्रश्नाचा क्रमच चुकतो आहे. घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला असतां या समजुतीस बळकटी येते.

ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभीं स्टुडिओ आणि राहती खोली हा भेद फारसा नव्हताच. 1902 च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्याच्या एका हॉटेलांतील खोलीलाच मुद्रणशाळेचें रूप दिलें, आणि गौहरजान हिचें गाणें तेथें मेणाच्या तबकडीवर उतरविलें. गाणारीनें कर्ण्यासमोर गावें आणि सुईनें मेणांत रेघ कोरावी, एवढाच तो व्यवहार. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहावी, तर तिची नाजूक रेघ बिघडे. म्हणून खरी परीक्षा व्हावयाची ती जर्मनींतील हानोव्हरच्या कारखान्यांतून तबकड्या छापून आल्यावरच. मुद्रण करणारा जवळजवळ अंदाजानेंच काम करी. 1925 नंतर विजेवर चालणारे मायक्रोफोन आले, आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या खोलींत बसून स्पीकरावर परीक्षा करण्याची सोयहि आली. पण ही सामग्री इतकी महाग व अवजड होती कीं, संगीत घराबाहेर पडून मोठ्या वास्तूंत गेलें. लंडनच्या ॲबे रोडवरील प्रसिद्ध स्टुडिओ 1931 सालचा.

तें पुन्हां घरीं आणणाऱ्यांत अमेरिकन गिटारवादक लेस पॉल अग्रगण्य होय. हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजांत त्यानें मुद्रणाची सामग्री जुळविली. 1948 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लव्हर' या मुद्रिकेंत आठ गिटारी ऐकूं येतात. वाजविणारा एकटा तोच. एक भाग तबकडीवर कोरावयाचा, तो वाजत असतां जोडीला दुसरा भाग वाजवावयाचा, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरावयाचे, असा हा क्रम. प्रत्येक नव्या थराखालीं जुना थर थोडा मळे, आणि एकदां मिसळलेला भाग वेगळा काढणें शक्य नसे. पुढें जर्मनांचें टेपयंत्र महायुद्धानंतर अमेरिकेंत पोंचलें, आणि 1949 सालीं बिंग क्रॉस्बी यानें लेस पॉलला असें एक यंत्र दिलें. त्यामुळें काम सुलभ झालें, पण जबाबदारी तीच राहिली. प्रत्येक पायरीवर कानानें दिलेला निर्णय हा शेवटचा निर्णय असे. माझ्या स्नेह्यांनीं आपल्या मर्जीनें जें संकट ओढवून घेतलें, तें लेस पॉलच्या नित्याचें होतें. त्याचा कान त्याला फसवीत नव्हता, एवढाच भेद.

याहून बोधप्रद उदाहरण रूडी व्हॅन गेल्डर याचें आहे. व्यवसायानें हा दृष्टि तपासणारा. दिवसा लोकांचे डोळे पाहावे, आणि उरलेल्या वेळांत न्यू जर्सींतील हॅकेनसॅक गांवीं आईबापांच्या दिवाणखान्यांत जॅझ संगीत मुद्रित करावें, असा त्याचा दिनक्रम 1959 पर्यंत चालला. घर बांधतांनाच दिवाणखान्यालगत यंत्रांची खोली आणि मध्यें कांचेची खिडकी ठेवली होती. माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक असे थोर वादक त्या घरगुती बैठकींत वाजवून गेले. मंकनें तर आपल्या एका रचनेला त्या गांवाचेंच नांव दिलें. यंत्रें हातांत मोजे घालून हाताळणारा हा काटेकोर गृहस्थ उत्तम मायक्रोफोन बाळगून होता, हें खरें. तथापि त्याचें खरें भांडवल म्हणजे तो दिवाणखानाच. एकाच खोलींत वर्षानुवर्षें बसून तिचा प्रत्येक कोपरा काय बोलतो, हें त्यानें ओळखून घेतलें होतें.

आतां स्पीकरांकडे वळूं. स्टुडिओंतील स्पीकराला 'मॉनिटर' म्हणतात. हा शब्द आपणांस शाळेच्या वर्गापासून परिचित आहे; त्याचें मूळ 'सावध करणें' या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. नांवांतच त्याचें कर्तव्य सांगितलेलें आहे. दिवाणखान्यांतील स्पीकर पुष्कळदां यजमानाचा भाट असतो. खर्ज थोडा वाढवून, टीप थोडी चमकवून तो साधें गाणेंहि गोड करून दाखवितो. मुद्रण करणाऱ्याला भाट उपयोगी नाहीं. त्याला रामशास्त्री हवा असतो.

असा एक रामशास्त्री अगदीं अनपेक्षित ठिकाणीं निपजला. 1978 सालीं जपानच्या यामाहा कंपनीनें एनएस-10 नांवाचा लहानसा स्पीकर घरगुती श्रोत्यांसाठीं बाजारांत आणला. काळी पेटी आणि पांढरा शुभ्र कागदी पडदा असें त्याचें रूप. रसिकांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं. खर्ज तोकडा, मधले सूर पुढें आलेले, टीप बोंचरी, अशी तक्रार होती. परंतु याच दोषांसाठीं स्टुडिओंतील तंत्रज्ञांनीं त्याला जवळ केलें. मनुष्याच्या कंठाचा आणि बहुतेक वाद्यांचा प्राण ज्या मधल्या पट्टींत असतो, तेथील प्रत्येक चूक हा स्पीकर चव्हाट्यावर मांडी. शिवाय त्याची पेटी सर्व बाजूंनीं बंद असल्यामुळें नाद थांबला कीं पडदाहि चटकन थांबे. मागें रेंगाळणारी घुमक फार कमी. याच्यावर जें गाणें चांगलें लागलें, तें बहुधा कोठेंहि चांगलें लागेल, असा अनुभव येऊं लागला. टीप सौम्य व्हावी म्हणून कित्येकजण वरच्या लहान पडद्यासमोर पातळ टिश्यू कागद लावीत! पुढें कंपनीनें स्टुडिओसाठीं सुधारलेली आवृत्ति काढली, आणि पडद्याला लागणारा लगदा मिळेनासा झाल्यामुळें 2001 सालीं त्याचें उत्पादन थांबलें. तोंवर जगांतील असंख्य स्टुडिओंत तो जाऊन बसला होता.

येथें एक आक्षेप येईल. 1979 सालीं टॅस्कॅम कंपनीनें साध्या कॅसेटवर चार भाग वेगवेगळे मुद्रित करणारें 'पोर्टास्टुडिओ' हें यंत्र काढलें. ब्रूस स्प्रिंगस्टीन यानें 1982 च्या जानेवारींत न्यू जर्सींतील आपल्या घरीं त्यावर कांहीं गाणीं दोन साध्या मायक्रोफोनांनीं केवळ कच्चा नमुना म्हणून मुद्रित केलीं. नंतर वाद्यवृंदासह तींच गाणीं स्टुडिओंत करून पाहिलीं, पण पहिला भाव कांहीं केल्या साधेना. अखेर खिशांत बाळगलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नांवानें त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. मग चांगल्या सामग्रीची मातब्बरी ती काय? आक्षेप अर्धा खरा आहे. गाण्यांत प्राण असेल तर साधा मायक्रोफोनहि तो पकडतो. परंतु त्या कॅसेटवरून तबकडी कोरतांना तंत्रज्ञांच्या नाकीं नऊ आले, हा कथेचा उत्तरार्ध विसरूं नये. शिवाय तेथें मूळ मुद्रण जपून ठेवलेलें होतें.

स्पीकर कितीहि सत्यवक्ता असला, तरी खोली त्याचें बोलणें फिरवूं शकते. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें 343 मीटर. दहा फूट म्हणजे सुमारें 3 मीटर लांबीच्या खोलींत सेकंदास 56-57 कंपनांचा खर्ज समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून राहतो. भिंतीलगत तो दुणावतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर मध्यावर उलट वाढतो. डग्ग्याची घुमक आणि तानपुऱ्याचा खर्ज याच टापूंतले किंवा त्याच्या शेजारचे. म्हणून ऐकणाऱ्यानें ऐन मध्यावर बसूं नये, भिंतीला टेकूनहि बसूं नये. दोन स्पीकर आणि आपलें डोकें यांचा समभुज त्रिकोण साधावा, आणि स्पीकर कानाच्या उंचीवर असावे. पातळ पडदे व फोमचे तुकडे केवळ वरचे सूर शोषतात. खर्जाला आवरण्यासाठीं कोपऱ्यांत जाड, भरीव थर लागतात. रात्रीं शेजाऱ्यांसाठीं हेडफोन घ्यावे. पण त्यांत डावा नाद केवळ डाव्याच कानांत जातो, त्यामुळें नादाचा पसारा खऱ्यापेक्षां मोठा भासतो, हें ध्यानांत ठेवावें.

इतिहासाचें चक्र 2019 सालीं एका अर्थानें पूर्ण झालें. बिली आयलिश हिचा त्या वर्षींचा संग्रह तिचा भाऊ फिनियस यानें लॉस एंजेलिसमधील घरीं, आपल्या निजावयाच्या खोलींत तयार केला, आणि 2020 च्या जानेवारींत त्याला वर्षांतील सर्वोत्तम संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्या खोलींतील मॉनिटर एनएस-10 च्याच कुळाचे, पांढऱ्या पडद्याचे, सामान्य माणसाला परवडणारे होते. अंतिम मिश्रण मात्र दुसऱ्या जाणकाराच्या कानांखालून गेलें.

तेव्हां खर्चाचा क्रम असा असावा: आधीं खोली, मग मॉनिटर, मग मायक्रोफोन. आपल्या चांगल्या परिचयाचीं पांचदहा गाणीं नव्या मॉनिटरावर महिनाभर ऐकावीं, आणि मगच आपल्या मुद्रणाला हात लावावा. झालेलें काम दुसऱ्या घरीं, मोटारींत, लहानशा रेडिओवर ऐकून पाहावें. आणि मूळ मुद्रण कधींहि पुसूं नये.

माझ्या स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं साधे, पण सरळ बोलणारे मॉनिटर घेतले. त्यांवर आईंच्या ओव्या लावल्या कीं, काय कापलें गेलें तें निष्ठुरपणें ऐकूं येतें. तरी ते स्पीकर त्यांनीं काढून टाकले नाहींत. यंदा त्यांनीं आपल्या मावशींच्या ओव्या मुद्रित केल्या आहेत. मूळ प्रत तीन ठिकाणीं जपून ठेवली आहे.