पलटणीच्या बिल्ल्यावरील शिंग

खानापूर तालुक्याचे ठाणे असलेले विटा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते दक्षिण साताऱ्यात गेले व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. पाऊस बेताचाच असणाऱ्या या पूर्वेकडील मुलखात पलटणीतील नोकरी हा शेतीस जुना आधार होता. मराठा लाइट इन्फंट्रीचा बिल्ला ही त्या नोकरीची एक परिचित खूण होय.

बिल्ल्याचे मुख्य चिन्ह दोरीने टांगलेले शिंग हे आहे. ते आपल्या रणशिंगावरून घेतले असावे असा समज सहज होतो. परंतु तो बरोबर नाही. युरोपात विरळ पसरून लढणाऱ्या हलक्या पायदळास शिंगाच्या आवाजाने इशारे देत. पुढे ब्रिटिश सैन्यात अशा पलटणींचे तेच चिन्ह ठरले. मुंबई सैन्याच्या पाचव्या पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान लढविले व १८४१ मध्ये तिला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. शिंग हा वारसा नव्हता, ती कमाई होती. १९२२ मध्ये सहा जुन्या पलटणी एकत्र आल्या, तेव्हा हा मान सर्वांचा झाला.

सैनिकांत रूढ झालेली नावे मात्र निराळी होती. १७६८ मध्ये उभारलेली ती 'जंगी पलटण', तर काहानची ती 'काली पांचवी'. 'जंग' फारसी, 'पलटण' युरोपीय. आणि मराठीप्रमाणे 'काळी' न म्हणता 'काली' म्हणणे ही छावणीतील हिंदुस्थानीची खूण. मराठी माणसाच्या पलटणीचे नाव मराठीत घडले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) यांना इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर होता. त्याच काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालू होते. म्हणजे एकाच मुलखातील काही तरुण मुकुटाच्या बाजूने लढत होते, तर काही त्याच मुकुटाची सत्ता नाकारीत होते. यांपैकी एकासच शूर म्हणणारा इतिहास अपुरा ठरेल.

१९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाला आणि सैन्याच्या चिन्हांतील मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. शिंग मात्र राहिले. मुकुट राजाने दिला होता. शिंग सैनिकांनी मिळविले होते.