घोलवडला उतरायचे

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही घरात आपा म्हणतो. आपा अंगणवाडी सेविका आहे. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले तिच्या हाताखालून गेली. एकदा तिने मला विचारले, "तू कवी ना रे? मग सांग, अंगणवाडी हा शब्द आला कुठून?" मला उत्तर येईना. सरकारने काढला असेल, एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याचा माग काढत मी वाचत गेलो आणि अखेर एका लहानशा रेल्वे स्टेशनावर जाऊन उतरलो. त्या स्टेशनाचे नाव घोलवड.

आम्ही मराठवाड्याची माणसे. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते आणि आमची गाडी मीटरगेजची होती. मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. समुद्र त्याच्याही पलीकडे. घोलवड तर मुंबईच्याही पुढे, पश्चिम रेल्वेवर. गुजरातकडे निघालेल्या गाडीला लागणारे हे महाराष्ट्रातले शेवटचे स्टेशन. पुढचे उंबरगाव रोड गुजरातेत येते. मुंबईची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. घोलवड त्याच्यापुढे एकच स्टेशन, पण लोकल तिथवर जात नाही.

हा लोहमार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या कंपनीने बांधला. गुजरातकडून आलेले रूळ १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडला पोहोचले. गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा त्यामागचा मोठा हेतू. वाटेतल्या किनाऱ्यावरच्या खेड्यांचा विचार कंपनीच्या हिशेबात फारसा नसणार. पुढे १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका विभागला गेला. काही गावे गुजरातेत गेली, काही इकडे राहिली. रूळ मात्र तसेच राहिले.

याच मार्गाच्या दोन्ही टोकांना जोडणारे एक आयुष्य म्हणजे ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवले. पण शहरातल्या सुखवस्तू घरांतली मुलेच शिकणार असतील, तर खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. १९४५ साली त्यांनी बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्यामुळे बोर्डीचे नाव शिक्षणासाठी आधीच झालेले होते. बोर्डीला आगगाडीने जायचे, तर जवळचे स्टेशन घोलवड. ताराबाईंबरोबर आल्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या या बाई १९९२ साली निधन होईपर्यंत याच परिसरात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली मुले तिकडे फिरकेनात. कुणी धाकटे भावंड सांभाळत होते, कुणाला अंगावर धड कपडा नव्हता. तेव्हा या बायकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी म्हणायची. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. अंगणात भरते ती अंगणवाडी. आपाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

१९५७ साली हे काम रेल्वेच्या पूर्वेला, कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले गुरांमागे जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचे नाव झाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्या चालवणाऱ्या बायकांच्या कामाला मात्र अजून पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले.

डहाणूला एका कविसंमेलनासाठी गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून घोलवडला उतरलो. बाहेर चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फलाटावर मी बराच वेळ बसून होतो. लांब पल्ल्याची एक गाडी धडधडत निघून गेली. डब्यातल्या कुणी पाटीवरचे नाव वाचले असेल असे वाटले नाही. कंपनीने कापसासाठी टाकलेल्या या रुळांवरून एक शाळा आली आणि इथे उतरली. ती पुढे पायी पायी आमच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचली.

बोर्डीच्या किनाऱ्यावरून मी रुमालभर शिंपले आणले. आपाने ते अंगणवाडीतल्या परातीत ओतले आणि ताराबाई, अनुताईंची हकीकत ऐकून घेतली. "म्हणजे आमचं नाव बायांनीच ठेवलं," एवढेच ती म्हणाली. तोवर मुले परातीभोवती जमली होती. कुणी एक-दोन-तीन मोजत होते, कुणी एक-दो-तीन.